कुलूपबंद शुभ सकाळ

दोनचा २५५ वा घात घ्यावा आणि त्यातून १९ वजा करावेत. उरते ती मूळसंख्या. लिहायला बसलं तर ७७ आकडे लागतात, आणि एक व ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. डॅनियल बर्नस्टाइन नावाच्या अमेरिकी गणितज्ञाने या संख्येच्या आधाराने एका वक्राचं गणित मांडलं, त्या गणितावर पुढे संदेशांची कुलपं बेतली गेली, आणि आज त्या कुलपांच्या भरवशावर महाराष्ट्रातले तमाम मामालोक रोज पहाटे पावणेसहाला गुलाबाच्या चित्रावर ‘शुभ सकाळ’ लिहून पाठवतात.

मामांची थट्टा करायचा माझा हेतू नाही. मामा पहाटे उठतात, मी उठत नाही, तेव्हा नैतिक अधिकार त्यांच्याकडेच आहे. मला कीव येते ती गणिताची. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि थेट घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. मधल्या वाटेवर खुद्द कंपनीलाही आतला मजकूर दिसत नाही. शिवाय प्रत्येक संदेशाला नवी किल्ली, आणि एकदा वापरली की ती टाकून द्यायची. म्हणजे मामांच्या कालच्या गुलाबाची किल्ली आजच्या मोगऱ्याला लागत नाही. एखादा महाभाग किल्ल्या लावून पाहायला बसलाच, तर त्याच्यापुढे ७८ आकडी संख्येइतक्या किल्ल्यांचा ढीग असेल आणि तो संपायच्या आत सूर्य विझलेला असेल. एवढं करून त्याच्या हाती काय लागणार? ‘कोमट पाण्यात लिंबू पिळून अनशापोटी घ्या.’ जे त्याच्या स्वतःच्या मावशीने त्याला सकाळीच फुकट पाठवलेलं असणार.

कुलपाचं कौतुक खरं तर वेगळ्याच गोष्टीसाठी करायला हवं. पेटीला कुलूप घालणं फारसं कठीण कधीच नव्हतं. कठीण होतं ते किल्ली पोचवणं. पेटी एका जासुदाबरोबर पाठवली तर किल्ली कुणाबरोबर पाठवायची? आणि किल्ली नेणाऱ्यावर एवढा विश्वास असेल तर पेटी त्याच्याकडेच का देऊ नये? या पेचात राजेरजवाडे, सेनापती आणि वकील शतकानुशतकं अडकून पडले होते. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी त्यावरची तोड छापून प्रसिद्ध केली.

आपल्याकडच्या बैलबाजारात आणि अडतीवर पूर्वी हत्ता चालायचा. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरायचे, वर रुमाल नाहीतर उपरण्याचं टोक, आणि खाली बोटं दाबून भाव ठरायचा. भोवती माणसांचा गराडा. सगळ्यांना हात दिसताहेत, भाव कुणालाच कळत नाही. ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाही पुष्कळदा कळत नसे, म्हणून तर पुढे बाजार समित्यांतून उघड लिलाव आले. डिफी आणि हेलमन यांनी रुमालच काढून टाकला. दोन अनोळखी माणसं भर बाजारात, सर्वांदेखत, एकमेकांना आकडे ओरडून सांगतात. ऐकणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येक आकडा ऐकू येतो. आणि तरी शेवटी त्या दोघांपाशी असा एक आकडा तयार होतो, जो तिसऱ्या कुणालाही काढता येत नाही. प्रत्येकाने एक आकडा पोटात ठेवायचा आणि त्यावर घाताचे नि भागाकाराच्या बाकीचे संस्कार करून भलताच आकडा ओठांवर आणायचा. ओठांवरच्यावरून पोटातला ओळखणं भल्याभल्या संगणकांना जमत नाही, एवढी त्यातली गोम. पोटात एक आणि ओठात एक ठेवून व्यवहार चोख पार पाडता येतो, हे आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत बसणाऱ्या मंडळींना फार आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी शोधनिबंध लिहिला नाही, इतकंच.

आमच्या सोसायटीत हे सगळं रोज प्रत्यक्ष पाहायला मिळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक निवृत्त गृहस्थ खाली उभ्या असलेल्या पार्सलवाल्याला ओटीपीचे आकडे एकेक करून ओरडून सांगतात. पार्सलचा ओटीपी कोणता आणि बँकेचा कोणता, यात त्यांचा अधूनमधून गोंधळ होतो, आणि मग बँकेने ‘कुणालाही सांगू नका’ असं बजावलेले सहा आकडे दूधवाला, इस्त्रीवाला आणि समोरची इमारत एवढ्यांना कळतात. भर बाजार आहे, ओरडणं आहे. पोटातला आकडा तेवढा राहून गेलाय.

आजीच्या पिढीला यातलं काही नव्हतं. त्यांच्याकडे कार्ड होतं. १८७९ साली हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं, पाव आण्याला, आणि लिहिणाऱ्याकडून निघून वाचणाऱ्याकडे पोचेपर्यंत ते वाटेतल्या प्रत्येकाचं असायचं. पोस्टमन वाचायचा, वाड्याच्या दारात उभा असलेला वाचायचा, आणि ज्याचं कार्ड त्याला अक्षरओळख नसली तर शाळेतला पोरगा चौकात उभा राहून वाचून दाखवायचा. कडेला कुंकवाचं बोट दिसलं की मजकुराआधी आनंद सुरू. कोपरा फाडलेला दिसला की मजकुराआधी रडारड. बाकीची रचना सगळी दाबून बसवलेली: ती. लिहिलं की वडीलधारे, चि. लिहिलं की धाकटे, आणि ‘सा. न. वि. वि.’ एवढ्यात साष्टांग नमस्कार घालून, विनंतीही करून माणूस मोकळा. आजची मुलं ‘ओके’चा नुसता ‘के’ करतात म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी एकदा आपल्या आजोबांची पत्रं काढून बघावीत.

आजीचं सासर खटल्याचं. तिने लिहिलेलं कार्ड पेटीत पडण्याआधी सासरे वाचत. वाचत म्हणजे ओसरीवर बसून, मोठ्याने. म्हणून तिने आणि तिच्या आईने लग्नाआधीच ठरवून ठेवलं होतं: पत्रात मोरी म्हशीची चौकशी आली की समजायचं, पोरीला माहेरी यायचंय, भावाला न्यायला पाठवा. ‘मोरी कशी आहे? दूध देते ना?’ सासरे वाचून दाखवत आणि वर म्हणत, सूनबाईंचा जनावरावर फार जीव. पुढल्या आठवड्यात भाऊ हजर. बरीच वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एका दुष्काळी सालात आजीने मोरीची चौकशी केली आणि उलट टपाली उत्तर आलं, ‘मोरी विकली.’ आजी दिवसभर चुलीपुढे धुराचं निमित्त करून रडली. माहेरचं दार बंद झालं, असा तिने अर्थ लावला. घडलं एवढंच होतं की चारा नव्हता आणि मोरी विकली होती. भाऊ ठरल्याप्रमाणे आलाच, आणि बहिणीने दारातच ‘आता कशाला आलास?’ असं का विचारलं, ते त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

या संकेताची किल्ली कुणी चोरली नव्हती. सासऱ्यांना अखेरपर्यंत पत्ता लागला नाही. त्या बाजूने पाहिलं तर बंदोबस्त पक्का होता. फक्त संकेतात प्रश्नाची सोय केलेली होती, उत्तराची करायची राहिली होती. आणि मोरीला एकाच वेळी म्हैस आणि सांकेतिक लिपी अशा दोन नोकऱ्या कराव्या लागत होत्या.

याच्या उलटही घडतं. पानिपतानंतर, उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र लागलं. त्यात लढाईचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत. होता तो पेढीवरचा हिशेब: दोन मोती गेले, मोहरा किती हरवल्या, आणि चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही. पेशव्यांना कुणी किल्ली दिली नव्हती. त्यांचा मुलगा आणि चुलतभाऊ त्या मोहिमेवर होते. मोती कोण, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

मराठीतलं सगळ्यात मोठं कुलूप मात्र ना पेशव्यांचं, ना सावकारांचं. ते महानुभावांचं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठीतलं आरंभीचं एवढं मोठं गद्य, दुसऱ्या एखाद्या भाषेने ते डोक्यावर घेऊन मिरवलं असतं. पुढे पंथाच्या मंडळींनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहायला घेतले. ही लिपी म्हणजे एक ठरलेला संकेतच: एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. रवळोबास हे तिचे कर्ते मानले जातात. सकळ एकटीच नव्हती. सुंदरी, वज्र अशी नावं असलेल्या आणखीही लिप्या होत्या. पोथ्या मठांतून नांदत राहिल्या, पंथाबरोबर पार पंजाबापर्यंत गेल्या, आणि इकडे मराठी वाचणाऱ्या साध्या माणसाला आपल्या भाषेत असं काही आहे याचा शतकानुशतकं पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या अभ्यासकांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा आतून काय निघालं? मंत्रतंत्र नाहीत, खजिन्याचा नकाशा नाही. निघाली बोलती मराठी: स्वामी कुठे बसले, कोण काय म्हणालं, कुणाला काय खाऊ घातलं.

कुलूप उत्तम होतं, यात वाद नाही. परक्याच्या हाती पोथी लागली तरी मजकूर लागू नये, हा हेतू पुरा झाला. पण बंद पेटीत काय असेल ते बाहेरच्यांनी आपल्या मनाने ठरवून टाकलं, आणि बाहेरचे लोक अशा वेळी चांगलं काही ठरवत नाहीत. पंथाविषयी नाही नाही त्या वावड्या उठल्या. ‘मानभावी’ हा शब्द आपण आजही ढोंगी माणसासाठी सहज वापरतो. तो कुणाच्या नावावरून आला, हे वापरणाऱ्याच्या ध्यानीही नसतं. वाचता येत नाही ना, मग नक्कीच काहीतरी काळंबेरं असणार, अशी ही तर्कपद्धती.

आता नेमकं उलट झालंय. आता बंद वाटेने आलं म्हणून खरं धरतात. चौकातल्या भिंतीवर लिहिलेलं माणूस हसून सोडून देतो. तेच खिशात थरथरून, मेहुण्याच्या नावाने आलं की त्याला कागदपत्राचं वजन येतं. मेहुण्याला ते कुठून आलं, हे मेहुण्यालाही माहीत नसतं. खाली ‘आला तसा पाठवला’ एवढं जोडलं की त्याची जबाबदारी संपली.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं ती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्याआधी फोनाफोनांतून फिरत होते, आणि जमावाने या पाचजणांत ती टोळी वाचली. त्या संदेशांचं कुलूप वाटेत कुठेही मोडलं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती अट घातली की एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल. पाच हा आकडा त्यांनी कसा काढला असेल, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो पुढे केला नाही.

लिपीचा विषय निघालाच आहे तर एसएमएसचं सांगायला हवं, कारण आपल्या पिढीची सकळ लिपी तिथे जन्मली. फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचे जर्मन अभियंते १९८५ साली बॉनमध्ये टाइपरायटरपुढे बसून मनाला येतील ती वाक्यं टाइप करत होते आणि अक्षरं मोजत होते. बहुतेक वाक्यं १६० च्या आत बसली. लोक पोस्टकार्डावर किती लिहितात, तेही त्यांनी पाहिलं. १६० पुरे, असं ठरलं. ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडात पहिला एसएमएस गेला, नाताळच्या शुभेच्छांचा; म्हणजे ‘शुभ सकाळ’वाल्या मामांची परंपरा पहिल्या दिवसापासूनच सुरू झाली म्हणायची.

पण ही १६० अक्षरं रोमन. देवनागरीत लिहायला घेतलं की ७० वर गाडी थांबते. आणि त्या ७० मध्ये काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर जोडणारा हलन्त, सगळ्यांची तिकिटं वेगळी काढावी लागतात. ‘स्त्री’ दिसायला एक अक्षर, जागा अडवते सहा. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढं म्हटलं की २९ गेल्या, आणि वाढदिवस कुणाचा ते सांगायचं अजून बाकीच. त्यात समोरच्याच्या हँडसेटमध्ये देवनागरी नसली तर त्याला शुभेच्छांऐवजी रिकाम्या चौकोनांची रांग मिळायची. तेव्हा मराठी माणसाने हिशेब केला आणि तो रोमन लिपीत मराठी लिहायला लागला. पैसे वाचले. वाचणाऱ्याचे हाल सुरू झाले.

कारण ‘कधी’ आणि ‘कढी’ यांचं स्पेलिंग एकच. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांचंही. आमच्या वहिनींनी एकदा ऑफिसातून सासूबाईंना विचारलं, ‘कधी करू?’ विषय गॅसचा नंबर लावण्याचा. सासूबाईंनी वाचलं, ‘कढी करू?’ त्यांना बरं वाटलं. सून आज लवकर येऊन स्वयंपाकाला लागणार. त्यांनी नातवाकडून उत्तर लिहून घेतलं, ‘कर. ताक फ्रिजमध्ये.’ ते वहिनींनी वाचलं, ‘कर. टाक फ्रिजमध्ये.’ गॅसचा नंबर लावून तो फ्रिजमध्ये का टाकायचा, यावर ऑफिसातल्या दोघीतिघींचं मत घेण्यात आलं. एकीने सुचवलं की पावती म्हणत असतील, म्हाताऱ्या माणसांना कागद फ्रिजवर ठेवायची सवय असते. संध्याकाळी घरी कढीही झाली नाही आणि गॅसचा नंबरही लागला नाही, पण दोघींपैकी कुणाचंच म्हणणं चुकीचं ठरवता येईना. आज फोनवर देवनागरी फुकट आहे, हवी तेवढी लांब आहे, बोलून लिहायचीही सोय आहे. तरी कोट्यवधी लोक रोमन मराठीच लिहितात. काटकसरीचं कारण संपलं तरी सवय राहते, एवढाच याचा अर्थ.

अक्षरांच्या या गोंधळाला कंटाळून असेल, लोक चित्रांवर गेले. जपानात शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली डोकोमो कंपनीच्या फोनसाठी १७६ चिमुकली चित्रं काढली होती. आता त्या कुळाचा विस्तार इतका झालाय की योग्य चेहरा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात पत्र लिहून झालं असतं. त्या सगळ्यांत आपल्या घरांतून सर्वाधिक राबतो तो अंगठा. काकांना नातवाच्या मुंजीचं निमंत्रण पाठवा, अंगठा. शेजारी वारल्याची बातमी कळवा, अंगठा. आता मराठीत अंगठा उठवला की कबूल आणि अंगठा दाखवला की नाकबूल, त्यामुळे काकांचा अंगठा या दोहोंपैकी कुठला, हे काकूंना फोन करूनच विचारावं लागतं.

हा घरगुती प्रश्न आहे असं मी समजत होतो. मग कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातला एक खटला वाचनात आला. प्रकरण जवसाचं. आपला जवसाशी संबंध चटणीपुरता; तिथे सौदे टनांनी होतात. मार्च २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने शेतकऱ्याला फोनवर कराराचा फोटो पाठवला आणि करार पक्का असल्याचं कळवायला सांगितलं. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. नोव्हेंबर उजाडला, जवसाचा भाव चढला होता, आणि माल काही आला नाही. कंपनी म्हणाली, तू अंगठा दिलास. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे तुमचा करार मिळाला. मान्य आहे असं मी कुठे म्हटलं? न्यायाधीश कीन यांनी अंगठ्याचा अर्थ कोशात पाहिला, आणि मग कोशापेक्षा उपयोगी पडेल अशी गोष्ट पाहिली: याच दोघांच्या आधीच्या सौद्यांत शेतकऱ्याने काय काय उत्तरं दिली होती. ‘ओके’, ‘यप’, ‘लुक्स गुड’. आणि दर वेळी त्याने माल मुकाट्याने घातला होता. तेव्हा हा अंगठाही त्यांच्याच पंगतीतला, असं ठरवून जून २०२३ मध्ये न्यायालयाने शेतकऱ्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरांच्या वर भरपाई द्यायला लावली. २०२४ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. मला त्या शेतकऱ्याविषयी सहानुभूती आहे, पण निकाल पटतो. चित्राचा अर्थ चित्रात शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही; तो त्या दोघांच्या पूर्वीच्या व्यवहारातच सापडायचा. तरी काकांना मी हा निकाल मुद्दाम सांगितलेला नाही. सांगितला असता तर त्यावरही अंगठाच आला असता.

आपलं मुंबई उच्च न्यायालय त्याआधीच या प्रांतात जाऊन आलेलं आहे. जून २०१८ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं प्रकरण होतं. देणेकरी नोटीस घ्यायला सापडत नव्हता. शेवटी नोटीस पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवली. संदेश पोचलाच, शिवाय जोडलेली नोटीस उघडलीही गेली, हे खुणांवरून दिसलं, आणि न्यायालयाने नोटीस बजावली गेल्याचं मान्य केलं. पूर्वी बेलिफ आला की माणूस मागच्या दाराने जायचा आणि बायको पुढच्या दारात ‘ते गावाला गेलेत’ म्हणायची. आता खुद्द त्याचा अंगठाच काचेवर टेकून फितूर होतो. निळ्या खुणा सेटिंगमध्ये जाऊन बंद करणाऱ्यांकडे तेव्हापासून मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

घरात मात्र निळ्या खुणा बंद असल्याचाही पुरावाच होतो. ‘काय लपवायचंय?’ कुलूप मजकुराला लागतं. कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोललं, त्यावर ते पडत नाही. ‘ऑनलाइन होता तू, साडेअकराला.’ ‘टायपिंग टायपिंग दिसत होतं आणि मग काहीच आलं नाही. काय लिहून पुसलंस?’ वाड्यात समोरच्या माडीवरच्या काकूंना कुणाचाही एक शब्द ऐकू न येता कुणाचं कुणाशी बिनसलंय ते ठाऊक असायचं, कारण कोण कुणाकडे किती वेळ बसलं एवढं त्यांना खिडकीतून दिसे, आणि तेवढं पुरे. त्या काकू आता घरोघर, प्रत्येकाच्या हातात आहेत. माझी भाची सांगते की उत्तराच्या शेवटी पूर्णविराम दिला तर तो राग धरतात. मी हसलो, तर तिने संशोधन काढून दाखवलं: अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ साली विद्यार्थ्यांना छोटे संदेश वाचायला दिले, तर शेवटी पूर्णविराम असलेलं उत्तर त्यांना कमी मनापासूनचं वाटलं. आमच्या शाळेत पूर्णविराम राहिला की अर्धा गुण जायचा. त्या हिशेबाने आमचे मराठीचे मास्तर आयुष्यभर साऱ्या वर्गावर चिडलेले होते, आणि ते खरंही होतं म्हणा.

पण सगळ्यात जास्त वाचला जातो तो संदेश नसलेला संदेश. २०१७ पासून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतं. पुसलं की त्या जागी, इथे एक संदेश होता आणि तो डिलीट केला आहे, अशी पाटी उरते. म्हणजे गुपित लपवायचं आणि ते कुठे पुरलंय तिथे दगड उभा करून ठेवायचा. मध्यंतरी आत्याने ग्रुपवर सकाळी काहीतरी टाकलं आणि लगेच पुसलं. दहा वाजेपर्यंत काकांनी निदान केलं की हे गावच्या जमिनीच्या वाटणीचंच असणार, कारण तलाठ्याकडे गेल्या आठवड्यात कुणीतरी फेऱ्या मारत होतं. वहिनींना खात्री होती की ते त्यांच्याविषयी होतं आणि आत्याने दुसऱ्या कुणाला पाठवायचं ते चुकून इथे टाकलं. मामांनी नेहमीप्रमाणे कमळाच्या चित्रावर ‘मौन हेच उत्तर’ असा सुविचार टाकला, जो त्यांनी रात्रीच निवडून ठेवलेला असावा. पण त्या दिवशी तो आत्याला उद्देशून आहे असं सर्वांनी धरलं आणि आत्याने दोन दिवस मामांशी बोलणं टाकलं.

संध्याकाळी आत्याने खुलासा केला: ‘किराण्याची यादी होती. वाण्याला पाठवायची ती इथे आली.’

यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. रात्री काकूंचा मला फोन. ‘यादी कुणी पुसतं का रे? यादी असती तर राहू दिली असती. यादीत लपवण्यासारखं काय असतं?’ मी म्हटलं, ‘काकू, खरंच यादी होती. मी तेव्हा तिच्याकडेच चहाला बसलो होतो. तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, कपड्यांचा साबण. माझ्यासमोर लिहिली तिने.’

‘हं,’ काकू म्हणाल्या. ‘म्हणजे तुलाही सगळं माहितेय.’